इसम या पत्त्यावर राहत नाही

खिडकीपलीकडच्या बाईंनी लग्नाचा दाखला सुलटा करून पाहिला, उलटा करून पाहिला, आणि काचेखालच्या फटीतून परत सरकवला.

"यावरून तुमचं लग्न झालंय एवढं दिसतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही बायकोच्या घरी राहता, हे दिसत नाही."

"अहो बाई, नवरा दुसरीकडे कुठे राहणार?"

"कुठेही राहतात. नवरा असणं आणि त्या घरात राहणं, या आमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हीचे फॉर्मही वेगळे आहेत."

मिलीमीटरराव चाट पडले. मागे रांगेत पंधरा माणसं उभी होती, आणि त्या पंधरा जणांना आता शंका आली होती की या गृहस्थांना बायको घरात घेते की नाही.

मिलीमीटरराव हे अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत नकाशे तपासायचे. दाराची चौकट एका मिलीमीटरने इकडे की तिकडे झाली, की तो नकाशा लाल पेन्सिलीच्या खुणा अंगावर घेऊन परत जायचा. ऑफिसातल्या लोकांनी वैतागून हे नाव ठेवलं आणि त्यांनी ते पदवी मिळाल्यासारखं स्वीकारलं. अशा माणसाच्या स्वतःच्या कागदात खोट निघावी, हा काय प्रकार आहे? ड्रायव्हिंग लायसन्सच्या लेखी परीक्षेत त्यांना चाळीसपैकी चाळीस मिळाले होते. गाडी चालवून दाखवायच्या परीक्षेत परीक्षकाने "फार हळू चालवता" एवढंच म्हटलं होतं, आणि चूक काढायला जागा नाही म्हणून नाइलाजाने पास केलं होतं. आता फक्त राहत्या पत्त्याचा पुरावा हवा होता. एक कागद. क्षुल्लक गोष्ट.

पन्नाशीला टेकल्यावर त्यांना लायसन्सची निकड का लागली, हे सांगायला हवं. परदेशात आल्यापासून अकरा वर्षं त्यांची बायको त्यांना रोज सकाळी कारखान्याच्या दारात सोडत होती. त्या बाजूला बस जात नाही. त्यांना सोडून मग ती स्वतःच्या हॉस्पिटलात जायची. ती नर्स होती. हॉस्पिटलाने तिला दोनदा इनचार्ज सिस्टरची जागा देऊ केली होती, पण ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सकाळी सहाची ड्युटी. दोन्ही वेळा ती "तुम्हाला कोण सोडणार?" म्हणाली आणि दोन्ही वेळा मिलीमीटररावांनी मान हलवून "तेही खरंच" म्हटलं. या खेपेला पत्र आलं तेव्हा तिने तो प्रश्न विचारलाच नाही. पत्र फ्रिजवर चुंबकाने लावलं आणि कणीक मळायला घेतली. तीस तारखेपर्यंत कळवा, यानंतर पुन्हा विचारणा होणार नाही, असं त्यात लिहिलं होतं.

मिलीमीटररावांनी ते पत्र वाचलं आणि त्यांच्यातला पुरुष जागा झाला. "तू बिनधास्त हो म्हण," ते म्हणाले. "मी लायसन्स काढतो. महिन्याभराचं तर काम."

"आधी लायसन्स येऊ दे," ती म्हणाली. "मग म्हणते."

या उत्तरातला अविश्वास त्यांना झोंबला होता, आणि आता खिडकीसमोर उभं राहून तो पुन्हा झोंबला. "मग तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?" त्यांनी बाईंना विचारलं.

"भाडेकरार, विजेचं बिल, बँकेचं पत्रक. तुमच्या नावाचा, त्या पत्त्यावर आलेला, तीन महिन्यांच्या आतला कुठलाही कागद चालेल."

कुठलाही! मिलीमीटरराव हसत हसत घरी आले आणि त्यांनी कपाटातल्या फायली काढल्या. भाडेकरार बायकोच्या नावावर. वीज बायकोच्या नावावर. पाणी, इंटरनेट, विमा, अगदी वाचनालयाचं कार्डसुद्धा बायकोचं. दारावरची पाटी हॉस्पिटलाने फुकट करून दिली होती, तिच्यावर फक्त बायकोचं नाव. त्यांच्या बँकेची पत्रं कंपनीच्या पत्त्यावर जात होती आणि फोन कंपनीचाच होता.

हे असं का झालं, त्याला एक कारण होतं आणि ते कारण स्वतः मिलीमीटरराव होते. इथे आले तेव्हा ते दोन वर्षांसाठी आले होते. कुठलाही फॉर्म पुढे आला की ते म्हणायचे, "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, माझं नाव कशाला गुंतवायचं? तू कर सही." दोन वर्षं संपली, मग आणखी दोन झाली, मग मोजायचं राहून गेलं. मोजमापात ज्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, त्यांचं हे एवढं एक मोजायचं राहिलं. फायली मांडीवर घेऊन ते जमिनीवर बसून राहिले. सरकारदरबारी या घरात एक बाई एकटी राहत होती.

आता माणूस अडचणीत आला आहे हे जिन्याला आपोआप कळतं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहायचे. ते दुधाची पिशवी हातात घेऊन वर निघाले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सल्ला द्यायला सुरुवात केली. सल्ला पाऊण तास चालला, त्यात त्यांच्या नोकरीतल्या तीन बदल्यांची हकीगत आली आणि दूध तापल्याशिवायच नासायला आलं. पण सल्ल्याचा गाभा चोख होता.

"स्वतःलाच पत्र टाका. रजिस्टर. पोस्टाचा शिक्का बसला की तो पत्ता खरा. शिक्क्याला कुणी खोटं म्हणू शकत नाही."

मिलीमीटररावांनी त्याच दिवशी पत्र लिहायला घेतलं. कोरा कागद पाठवणं त्यांना पटेना. ती फसवणूक झाली असती. म्हणून त्यांनी सविनय नमस्कारापासून सुरुवात करून, आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा व्यक्त केली, इकडे सर्व क्षेम आहे असं कळवलं, आणि खाली सही केली. पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, घेणाऱ्याचं नाव आणि पत्ता, दोन्ही त्यांचेच. पाकिटावर तिकीट त्यांनी पट्टी लावून चिकटवलं.

आठ दिवस पत्र आलं नाही. पोस्टात चौकशी केली तेव्हा एका कारकुनाने ते मागच्या फडताळातून काढून दिलं. झालं होतं ते असं. पोस्टमन घरी आला, तेव्हा दोघंही कामावर. दारावर पाटी बायकोची. समोरच्या दारातल्या शिंपीणबाईंना त्याने विचारलं, त्यांनी असं कुणी इथे राहत नाही म्हणून सांगितलं. पोस्टमनने शिक्का मारला आणि नियमाप्रमाणे पत्र पाठवणाऱ्याकडे परत नेलं. पाठवणारा त्याच दारात राहत असल्यामुळे पोस्टमन दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात आला, आणि पाठवणाराही सापडेना म्हणून त्याने दुसरा शिक्का मारला. एकाच पाकिटावर एकाखाली एक दोन जांभळे शिक्के: इसम या पत्त्यावर राहत नाही.

मिलीमीटररावांचं डोकंच फिरलं. आपल्यावर किती अन्याय होतो आहे हे दाखवण्यासाठी ते पाकीट घेऊन तडक खिडकीवर गेले. बाईंनी पाकीट हातात घेतलं, शिक्के नीट निरखले आणि स्टेपलर काढून ते फायलीला टाचून टाकलं.

"अहो, हे काय करताय?"

"तुमच्या पत्त्याबद्दल आलेला हा पहिलाच सरकारी कागद आहे," बाई म्हणाल्या. "हा लावावा लागतो. आता तपासनीस घरी येऊन बघून जातील."

"पण हा कागद तर माझ्या विरुद्ध आहे!"

"विरुद्ध असला तरी कागद आहे ना," बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

तपासनीस येईपर्यंत हातावर हात धरून बसावं, तर ते मिलीमीटरराव कसले? ऑफिसातल्या एका मित्राने सुचवलं की विजेचं बिल स्वतःच्या नावावर करून घे, एका फोनचं काम. त्यांनी फोन केला. पलीकडचा माणूस इतका गोड बोलत होता की मिलीमीटररावांना इतक्या दिवसांत प्रथमच माणसात आल्यासारखं वाटलं. जुनं कनेक्शन बंद करून नवं त्यांच्या नावाने द्यायचं, एवढंच. जुनं लगेच बंद झालं. मिलीमीटरराव फोन कानाला लावून उभे होते आणि स्वयंपाकघरातला फ्रिज एक उसासा टाकून गप्प झाला.

"झालं," पलीकडचा माणूस म्हणाला. "आता नव्या कनेक्शनसाठी तुमच्या राहत्या पत्त्याचा पुरावा पाठवा."

दोन दिवस घरात वीज नव्हती. फ्रीजरमधल्या आठवड्याच्या भाज्या पाणी होऊन फरशीवर उतरल्या. बायको चुरगळलेला युनिफॉर्म घालून ड्युटीवर गेली. तिसऱ्या दिवशी तिने फोन फिरवला आणि वीज परत आली, पुन्हा तिच्या नावावर. चार मिनिटं लागली. त्यांनी घड्याळ लावलं होतं.

तपासनीस आले ते नेमके बायको ड्युटीवर असताना. सुटी घेऊन मिलीमीटरराव एकटेच घरात होते. तपासनीस म्हणजे निवृत्तीला आलेले, जाड भिंगांचा चष्मा लावणारे, थकलेले गृहस्थ. हातात एक फळी आणि फळीला चिमट्याने लावलेला फॉर्म. आधी त्यांनी समोरच्या शिंपीणबाईंचं दार वाजवलं आणि मिलीमीटररावांकडे बोट दाखवून विचारलं, "यांना ओळखता?"

"हो तर," शिंपीणबाई तोंडातल्या टाचण्या काढत म्हणाल्या. "लिफ्टवाले आहेत. नेहमी येतात लिफ्ट तपासायला. टेप घेऊन."

मिलीमीटररावांचा आ वासला तो मिटेना. अकरा वर्षं ते येताजाता सवयीने त्या लिफ्टच्या दाराची फट मोजत होते, ही गोष्ट खरी होती. पण शेजाऱ्याने त्यातून एवढाच अर्थ काढावा?

"अहो, मी राहतो समोर!"

"अगंबाई," शिंपीणबाई म्हणाल्या. "मला वाटायचं सिस्टरकडे चहाला थांबतात."

वरून पोस्टमास्तर उतरत होते. मिलीमीटररावांनी त्यांचा हातच धरला. पण लेखी द्यायचं म्हटल्यावर पोस्टमास्तर सावध झाले. छत्तीस वर्षांच्या सेवेत आपण शिक्क्याच्या विरुद्ध शब्द दिलेला नाही, असं सांगून ते दोन पायऱ्या मागे सरकले आणि पाठमोरे न होता वर गेले.

घरात आल्यावर तपासनीसांनी पाणी मागितलं. साधी माणुसकीची गोष्ट. मिलीमीटररावांनी एक कपाट उघडलं, त्यात डाळी होत्या. दुसरं उघडलं, त्यात झाकणं होती, नुसती झाकणं. तिसऱ्यात इस्त्री. शेवटी त्यांनी रवा मोजायच्या मापात पाणी आणून दिलं. तपासनीसांनी ते घेतलं आणि पिता पिता फॉर्मवर काहीतरी लिहिलं.

"कचरा कुठल्या दिवशी जातो?"

"जातो ना. जातच असतो."

"फ्यूज कुठे आहेत?"

"असतील की. दिवे लागतात म्हणजे असणारच."

"तुमचे कपडे दाखवा."

इथे मात्र मिलीमीटररावांना हुरूप आला. त्यांनी पलंगाखालून सूटकेस ओढली आणि झाकण उघडलं. आत शर्ट, पँट, मोजे, सगळं काटकोनात रचलेलं. दोन वर्षांसाठी कपाटात कपडे कशाला लावायचे, म्हणून त्यांनी ते पहिल्या दिवशी बाहेर काढलेच नव्हते, आणि मग धुऊन आलेले कपडेही पुन्हा तिथेच जात राहिले. मांडणी बघून तपासनीस थक्क होतील अशी त्यांची अपेक्षा होती.

तपासनीस थक्क झालेही. त्यांनी चष्मा काढून पुसला. "कधी निघताय?" त्यांनी हळूच विचारलं.

अहवालाची प्रत दोन दिवसांनी आली. ती बायकोच्या नावे आली, कारण पत्ता तिचा होता. मिलीमीटररावांनी संतापून तो अहवाल तिला मोठ्याने वाचून दाखवला. "घरात सदर इसमाच्या वास्तव्याच्या खुणा आढळल्या नाहीत. इसमास घरातील वस्तूंची माहिती नाही. सामान बांधून तयार आहे. शेजारी त्यांना लिफ्टवाले म्हणून ओळखतात." त्यांनी कागद टेबलावर आपटला. "काय म्हणावं याला?"

बायको चपला काढत होती. "यात चूक कुठे आहे?" तिने विचारलं.

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या बायकोला काय उत्तर द्यायचं हे त्यांना येत होतं. पण तिने खरंच विचारलं होतं, आणि त्यांनी खरंच अहवालात चूक शोधली. लाल पेन्सिल घेऊन तीनदा वाचला. एक मिलीमीटरचीही चूक सापडेना.

फेरतपासणीचा अर्ज करता येत होता. तारीख मिळाली एकोणतीस. लायसन्स तीसला मिळालं तर मिळालं, नाहीतर फ्रिजवरच्या पत्राची मुदत संपली. मिलीमीटररावांनी नवी वही काढली आणि घराचा अभ्यास सुरू केला. बायको ड्युटीवरून आली की शिकवणी बसायची. त्यांनी घराचा नकाशा मापात काढला. मीठ बिस्किटांच्या डब्यात असतं आणि बिस्किटं मिठाच्या बरणीत, हे त्यांनी लिहून घेतलं. न्हाणीघरातला नळ आधी डावीकडे फिरवून मग उचलावा लागतो, हेही.

"मग मला रोज गार पाणी येतं ते?"

"मी तुम्हाला पहिल्या वर्षी तीनदा सांगितलं होतं," ती म्हणाली. "मग म्हटलं, आवडत असेल."

आणि बुधवारी, वहीत "दिनक्रम" असं लिहून त्याखाली रेघ मारल्यावर, त्यांना कळलं की त्यांना कारखान्यावर सोडून ती पुन्हा उलट्या दिशेने पन्नास मिनिटं गाडी चालवते, आणि त्यासाठी पाचला उठते. हे पन्नास मिनिटांचं त्यांनी कधी मोजलं नव्हतं. त्यांना वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की पेन्सिल खाली ठेवून ते उगाचच स्वयंपाकघरात गेले आणि कपबशा पुसायला लागले. पुसलेल्या कपबशा कुठे ठेवायच्या हे विचारायला त्यांना परत यावं लागलं, पण तो भाग वेगळा.

एकोणतीसला तपासनीस आले तेव्हा बायको मुद्दाम रजा घेऊन घरी होती. मिलीमीटररावांनी दार उघडलं, आणि पाणी मागायच्या आत पाणी दिलं, ग्लासात.

"कचरा?"

"सुका मंगळवारी, ओला शुक्रवारी, सकाळी सात दहाला. डबा भिंतीपासून चाळीस सेंटिमीटरवर."

"फ्यूज?"

"दारामागे, जमिनीपासून एकशे बासष्ट. आठ आहेत. तिसरा गिझरचा, पाचवा जरा सैल."

"मीठ?"

"बिस्किटांच्या डब्यात. खालून दुसरा कप्पा. आत्ता अर्ध्याहून थोडं कमी आहे."

तपासनीसांनी लेखणी थांबवली. ते उठले आणि कपाट उघडून बघू लागले. शर्ट हँगरला टांगले होते. हँगर नवे होते, एकाला किमतीचं लेबल लटकत होतं, आणि प्रत्येक शर्टावर अकरा वर्षांच्या घडीची रेघ तशीच होती. तपासनीस परत येऊन बसले. त्यांच्या चेहऱ्यावर खेद होता.

"साहेब," ते म्हणाले, "मी हे काम एकतीस वर्षं करतोय. घरात राहणाऱ्या कुठल्याही नवऱ्याला डब्यात मीठ किती उरलंय हे माहीत नसतं. तुम्ही हे पाठ केलंय."

मिलीमीटररावांच्या तोंडचं पाणी पळालं. गेल्या वेळी काही माहीत नव्हतं म्हणून नापास, या वेळी सगळं माहीत आहे म्हणून नापास! त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती मान खाली घालून पदराशी चाळा करत होती. तिला हसू येत होतं की रडू, ते कळेना, आणि विचारायची त्यांची छाती होईना.

"मग आता?" तिनेच विचारलं. "उद्या तीस तारीख आहे. मला हॉस्पिटलात कळवायचंय."

तपासनीसांनी तिच्याकडे बघितलं, मग फॉर्मची पानं उलटली. "एक रकाना आहे," ते म्हणाले. "मालक नाही, भाडेकरू नाही, कुटुंबीय म्हणून इथे राहत असल्याचा पुरावा नाही. पण इथे येऊन टिकलेले आहेत, हे मी दोनदा डोळ्यांनी पाहिलं. त्यांना 'दीर्घ मुक्कामी पाहुणा' असं लावता येईल. त्यावर लायसन्स मिळतं. उद्या सकाळी खिडकीवर."

"पाहुणा?" मिलीमीटरराव उठून उभे राहिले. "माझ्या घरात मी पाहुणा? हे साफ चूक आहे! हे दुरुस्त करून मिळालं पाहिजे."

"दुरुस्तीचा अर्ज करा. पंचेचाळीस दिवस लागतात."

मिलीमीटररावांनी खिशातून लाल पेन्सिल काढली होती. आयुष्यात त्यांच्या हाताखालून चुकीचा कागद पुढे गेला नव्हता. त्यांनी त्या शब्दाकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती फ्रिजवरच्या पत्राकडे बघत होती, आणि तिचा चेहरा तसाच झाला होता जसा मागच्या दोन खेपांना "तेही खरंच" ऐकल्यावर झाला असणार. मागच्या खेपांना त्यांनी तो पाहिला नव्हता.

त्यांनी पेन्सिल खिशात घातली. "कुठे सही करू?"

"इथे. पाहुण्याची सही." मग तपासनीसांनी फळी बायकोकडे फिरवली. "आणि बाई, इथे तुमची. घरधनी म्हणून. पाहुण्याला ठेवून घ्यायला हरकत नाही, असं. आणि मुदत लिहा, किती काळ ठेवणार."

तिने पेन घेतलं. मिलीमीटरराव थोडे सैलावले. अकरा वर्षं ती न वाचता सह्या करत आली होती. पण या वेळी तिने तो कागद वाचायला घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला. मुदतीच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि थांबली. थांबली ती थांबलीच. तपासनीसांनी नजर खिडकीबाहेर वळवली. मिलीमीटरराव कागदावर वाकले.

"अगं, लिही की. कायमचं लिही."

"एक वर्ष लिहिते," ती म्हणाली.

"एक वर्ष?"

"वाढवून मिळतं ना हो?" तिने तपासनीसांना विचारलं.

"मिळतं," तपासनीस म्हणाले. "तपासणी करून."

"आणि तपासणी कोण करणार?" मिलीमीटररावांनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच लहान वाटला.

"मी," ती म्हणाली. तिने सही केली, फळी परत दिली, आणि हॉस्पिटलात फोन करायला आत गेली. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला. ती तिसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नाला पहिल्यांदाच हो म्हणत होती, आणि मिलीमीटरराव पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसून ते ऐकत होते.